एका दिवसात स्कॉटलंड: ‘सह्यभटका’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सह्यभटका,

माझ्या लेखापेक्षा तुमच्या प्रतिक्रियेला जास्त अंगठे मिळालेत, तेव्हा ‘वाचल्याबद्दल आभार’ एवढ्यावर माझी सुटका होणार नाही. तुम्ही मला ताई म्हटलंत, म्हणून हक्काने आणि सविस्तर भांडते.

नव्याने इकडे आलेल्यांसाठी आधी वाद काय ते सांगते. एडिनबऱ्याला मुक्काम आहे आणि हातात एकच मोकळा दिवस आहे, अशा मराठी पाहुण्यांना मी गाइडसकट मिनीबसची सहल सुचवली होती. स्टर्लिंगचा किल्ला, डूनचा किल्ला, डीनस्टनची डिस्टिलरी, मग कॅलंडरवरून लॉख कॅट्रिन (लॉख म्हणजे तळं) आणि संध्याकाळी परत. त्यावर तुम्ही म्हणता, ‘उतरा, फोटो काढा, बाथरूमला जा, परत चढा, याला भटकंती म्हणत नाहीत, गाडी भाड्याने घ्या.’ स्टर्लिंग म्हणजे तुमच्या मते ‘पिवळा रंग फासलेला लग्नाचा हॉल’, राजगड-तोरणा केलेल्या माणसाने तिकडे फिरकूही नये. मी दारूच्या भट्टीला अर्धा लेख देऊन जाहिरात केली, हा तिसरा आरोप. आणि इतकं सगळं करून लॉख नेस गाळलं, हा चौथा.

गाडीचं आधी उरकते. भारतीय लायसन्सवर पाहुण्यांना इथे बारा महिने गाडी चालवता येते, रस्त्याची बाजूही आपलीच, तेव्हा ज्याला हौस आहे त्याने जरूर चालवावी. पण स्कॉटलंडने डिसेंबर २०१४ मध्ये पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा खाली आणली. १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्यार्क, बस. तेव्हा इंग्लंडने ती ८० वरच ठेवली होती. म्हणजे डिस्टिलरीत चव घेतली की किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यायची. बऱ्याच डिस्टिलऱ्या चालकाच्या वाटणीची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात, ती त्याने रात्री खोलीवर घ्यायची. सासरेबुवा चाखताहेत आणि जावई कोपऱ्यात पाण्याचा ग्लास धरून उभा आहे, हे दृश्य मला तरी बघवत नाही. त्यात माझे पाहुणे साठीपुढचे, गुडघ्यांचे आणि मधुमेहाचे. लेख त्यांच्यासाठी होता, पाठीवर पिशवी टाकून रतनगड चढणाऱ्यांसाठी नव्हता.

आणि ‘गाइडच्या मागे फिरणं’ ही हल्लीच्या टूरवाल्यांनी काढलेली फॅशन आहे असं समजू नका. वॉल्टर स्कॉटने १८१० साली लॉख कॅट्रिनच्या परिसरावर एक दीर्घकाव्य लिहिलं आणि ते हातात घेऊन लोकांच्या घोडागाड्या तिकडे लोटल्या. टॉमस कुक या सहलवाल्याने १८४६ मध्ये लेस्टरहून साडेतीनशेच्या आसपास माणसं एका दमात स्कॉटलंडला आणली. आपली बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू व्हायला तेव्हा सात वर्षं होती. घाईघाईने स्कॉटलंड बघणं हीसुद्धा इथली जुनी परंपराच आहे.

पण माझं खरं म्हणणं वेगळं आहे. तुम्हाला वाटतं, एक किल्ला, एक तळं, एक भट्टी अशी तीन सुटी प्रेक्षणीय स्थळं सोयीसाठी एका दिवसात कोंबलीत. मला ही सहल आवडते ती ती सुटी नाहीत म्हणून.

नकाशा उघडा. पश्चिमेच्या अ‍ॅरन बेटापासून ईशान्येच्या स्टोनहेवनपर्यंत स्कॉटलंडच्या अंगावरून एक तिरका भ्रंश, म्हणजे जमिनीच्या कवचातली भेग, गेलाय, चाळीस कोटी वर्षांहून जुना. त्याच्या वरच्या अंगाला हायलँड्सचे, म्हणजे डोंगराळ मुलुखाचे, कणखर, रूपांतरित खडक, खालच्या अंगाला वालुकाश्म आणि पिकाऊ जमीन. कॅलंडर हे गाव जवळजवळ त्या रेषेवरच बसलंय. गावाच्या अलीकडे जवाची शेतं आणि कुरणं, पलीकडे निघालात की थोड्याच वेळात डोंगर अंगावर यायला लागतात. बसच्या काचेतून हे बघताना काही कळलं नाही तर तो गाइड बदला, बस नको.

आता पाणी बघा. लॉख कॅट्रिनमधून निघालेलं पाणी लॉख आक्रे आणि लॉख व्हेनाकर करत कॅलंडरपाशी येतं, तिथे दुसरा एक फाटा त्याला मिळतो आणि त्याची टीथ नदी होते. हीच टीथ डीनस्टनच्या डिस्टिलरीला लागून जाते, तिथून मैलभरावर डूनच्या किल्ल्याच्या पायाशी वळते आणि स्टर्लिंगच्या जरा वर फोर्थ नदीत मिसळते. बस उलट्या दिशेने जाते एवढंच. तुम्ही सकाळी जिथे उभे असता तिथे येणाऱ्या पाण्याचा उगम तुम्हाला दुपारी भेटतो.

मग स्टर्लिंगला किल्ला का, हे वेगळं सांगावं लागत नाही. पूर्वेला फोर्थची खाडी रुंद होत जाते, तिथून फौज उतरणं कठीण. पश्चिमेला पसरली होती फ्लँडर्स मॉस नावाची दलदल, पीट म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीची, घोड्याचं पोट बुडेल अशी. तिचा एक तुकडा शेतीखाली आणण्यासाठी लॉर्ड केम्स या जमीनदाराने १७६६ नंतर कुळं बसवली. त्यांनी पीट खणून खणून पाटाने नदीत सोडला आणि खालची चिकणमाती उघडी केली. त्याआधीच्या काळात उत्तरेला जायचं तर स्टर्लिंगचा पूल, दुसरी धड वाट नाही. त्या पुलावर नजर ठेवणारा अग्निजन्य खडकाचा सुळका, आणि सुळक्यावर किल्ला.

११ सप्टेंबर १२९७ ला तो पूल लाकडी होता आणि एका वेळी जेमतेम दोन घोडेस्वार जातील इतका अरुंद. विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे हे स्कॉटिश सेनानी उत्तरेच्या बाजूला थांबून राहिले. पचवता येईल एवढी इंग्रज फौज अलीकडे येऊ दिली आणि मग पुलाचं तोंड दाबलं. उंबरखिंड ज्याला पाठ आहे त्याला तटावर उभं राहून खाली नदीचं वळण बघताना गाइडची गरज नाही, हे मान्य. (आजचा दगडी पूल नंतरचा आहे. मूळ पूल थोडा वरच्या अंगाला होता.)

तुम्ही दुर्गप्रेमी आहात म्हणून पुढचं खास तुमच्यासाठी. १३०४ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्टर्लिंगला वेढा घातला. आत शिबंदी किती, तर तीसेक माणसं. एडवर्डने एक प्रचंड गोफणयंत्र बांधायला घेतलं होतं, नाव ‘वॉरवुल्फ’. ते तयार होईस्तोवर किल्लेदाराने शरणागती देऊ केली, तर राजा म्हणाला, आधी यंत्र चालवून बघू, मग शरण या. आणि खरंच चालवलं! १३१४ मध्ये बॅनकबर्नला स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस जिंकला आणि स्टर्लिंग हातात आलं, तेव्हा त्याने काय केलं असेल? तट पाडून टाकला. हाती येईल तो किल्ला उद्ध्वस्त करायचा, म्हणजे इंग्रजांना परत येऊन ठाण मांडायला जागा राहणार नाही, हे त्याचं धोरणच होतं. आपल्याकडे गड राखला की राज्य राखलं. गडांच्या वाटा नि पायऱ्या सुरुंगाने उडवल्या त्या १८१८ नंतर इंग्रजांनी. ब्रूसने मात्र ते काम स्वतःच्याच किल्ल्यांवर केलं, कारण शिबंदी पोसून वेढे सोसण्यापेक्षा मोकळ्या रानात लढणं त्याला परवडत होतं. दोन डोंगरी मुलुख, दोघांचे शत्रू बलाढ्य, आणि किल्ल्यांबद्दलचा विचार अगदी उलटा. यासाठी तरी राजगड पाहिलेल्या माणसाने स्टर्लिंगला जावं, असं मी म्हणते.

राहिला पिवळा हॉल. स्कॉटलंडचा राजा चौथा जेम्स याच्या काळात, १५०० च्या सुमारास उभी राहिलेली ही दरबाराची इमारत. पुढे लष्कराने तिच्यात मजले आणि भिंती घालून बराकी केल्या. १९६४ मध्ये सैन्य गेल्यावर त्या काढून टाकायला आणि छत नव्याने ओकच्या लाकडात बांधायला १९९९ उजाडलं. बाहेरचा रंग म्हणजे चुन्याचा हात आहे. जुन्या चुन्याचे अवशेष भिंतीवर सापडले, त्यावरून तो दिला. त्याने पावसापासून दगड वाचतो आणि भिंतीतली ओलही बाहेर पडू शकते. तेव्हा इथल्या लोकांनीही तुमच्यासारखीच नाकं मुरडली होती, कारण दीडदोनशे वर्षं सगळ्यांना काळा-करडा किल्ला बघायची सवय. उघडा दगड म्हणजे अस्सल, ही आपली समजूत आहे. बांधणाऱ्याची नव्हती. आपल्या वाड्यांचा आणि गडांवरच्या इमारतींचा गिलावा झडून गेलाय म्हणून ते आपल्याला राकट दिसतात.

तरी अस्सल जुनंच बघायचं असेल तर राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर ‘स्टर्लिंग हेड्स’ बघा. १५४० च्या सुमारास पाचव्या जेम्सच्या छताला बसवलेल्या ओकच्या गोल तबकड्या, प्रत्येकी साधारण हात पसरून धरावी एवढी, आणि प्रत्येकीवर एक चेहरा: राजे, राण्या, हर्क्युलिस, विदूषक. १७७७ मध्ये छत उतरवलं तेव्हा त्या इकडेतिकडे विखुरल्या. एका तबकडीच्या काठावर चेहऱ्याभोवती शून्य, एक रेघ, दोन रेघा अशा खुणा ओळीने कोरल्यात. ते हार्पवरच्या वादनाचं स्वरलेखन असावं असं मानतात. पाहुणे या खोलीत शिरत नाहीत, खाली रंगवलेल्या नव्या छताचे फोटो काढून परततात. गाइडने इथे न्यायलाच हवं. तुमच्या गाइडने नेलं नाही तर भांडा.

डूनबद्दल फार बोलत नाही. चौदाव्या शतकाच्या अखेरीला ऑल्बनीच्या ड्यूकने बांधलेला, रिकामा, गार आणि सुंदर. मुदपाकखान्याच्या चुलीत उभं राहून बघा, म्हणजे झालं.

आता भट्टी. माझ्या लेखात एकाही बाटलीची किंमत नव्हती, तरी ‘जाहिरात’ म्हणालात. डीनस्टनची इमारत मुळात सूतगिरणी, १७८५ ची. टीथच्या पाण्यावर चाके फिरायची. १९६५ मध्ये गिरणी बंद पडली आणि लगोलग तिची डिस्टिलरी झाली. कमानीदार छतांच्या विणकामखात्यात आता पिंपं निजलेली आहेत, कारण आतला गारवा आणि ओलावा सुतासाठी राखलेला होता, तो व्हिस्कीलाही मानवला. नदी अजून तिथे टर्बाइन फिरवते आणि कारखान्याला वीज देते. परळ-लालबागच्या गिरण्यांचं पुढे काय झालं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना ही इमारत पिण्याशिवायही बघण्यासारखी वाटेल.

आत शिरल्यावर मोड आणलेल्या जवाचा उकडलेला गोडूस वास येतो. आंबवणाच्या टाकीवर वाकायला सांगतात. वाका, पण खोल श्वास घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड नाकात अशी झोंबते की डोळ्यांतून पाणी येतं. पुढे तांब्याची दोन जातींची भांडी, पहिल्या गाळपाचं आणि दुसऱ्या गाळपाचं. मला आवडते ती त्यापुढची वस्तू: पितळेची चौकट आणि काचा असलेली पेटी, तिला कुलूप. आत धार पडताना दिसते, हात घालता येत नाही. पूर्वी कुलपाची किल्ली सरकारी अबकारी अधिकाऱ्याकडे असे, कारण धारेच्या थेंबाथेंबावर कर होता. गाळणारा माणूस बाहेरून मुठी फिरवून धार या भांड्यात की त्या भांड्यात हे ठरवतो. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिशीला पीळ देतात. इथे पहिली धार आणि शेवटची धार दोन्ही बाजूला काढून पुढच्या गाळपात परत घालतात, पिंपात जाते ती फक्त मधली.

आणि इथेही तीच रेषा परत येते. १७८४ च्या कायद्याने सरकारने हायलँड आणि लोलँड अशी सीमा आखून दोन्हीकडच्या भट्ट्यांना वेगळा कर लावला. रेषेवरच्या मालाला खाली विकायची बंदी. मग चोरटी वाहतूक फोफावली नसती तरच नवल! १८२३ च्या कायद्याने परवाना स्वस्त केला तेव्हा कुठे चोर भट्टीवाले कारखानदार झाले. काही सहली कॅट्रिनऐवजी लॉख लोमंडकडे जातात, त्या वाटेवर ग्लेनगॉइन आहे. तिथे भट्टी रस्त्याच्या उत्तरेला म्हणजे हायलँडमध्ये, आणि पिंपांची कोठारं रस्त्यापलीकडे लोलँडमध्ये. व्हिस्की रस्ता ओलांडते आणि वर्षानुवर्षं परक्या मुलखात मुरते. नाव मात्र हायलँडचंच. त्याच बाजूला लोमंडमधली इंचमरिनपासूनची चार बेटं भ्रंशाच्या रेषेवर एकामागे एक ओळीत दिसतात.

कायद्याने स्कॉच ओकच्या पिंपात, स्कॉटलंडच्याच हद्दीत, किमान तीन वर्षं मुरायला लागते. दर वर्षी साधारण दोन टक्के हवेत उडून जाते. बंगळुरूला हीच घट दहा टक्क्यांच्या आसपास जाते, गोव्यातही इथल्यापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून आपल्याकडचे सिंगल माल्ट कमी वर्षांत तयार होतात आणि त्यावर वय लिहायची फारशी रीत नाही. बाटल्यांच्या संख्येत भारत आज स्कॉचचं जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे, तेही दीडशे टक्के आयातशुल्क भरत आलेलं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या करारात ते आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलंय. ज्या मालावर आपला देश एवढा पैसा उधळतो, तो कसा होतो हे बघणं म्हणजे जाहिरात असेल तर असो.

तुमच्या प्रतिक्रियेत एक आक्षेप नाहीच, आणि खरं तर तोच सगळ्यात दमदार ठरला असता. गाइड १२९७ सांगतात, १३१४ सांगतात, १७४५ चं बंड सांगतात आणि मग थेट तुम्हाला बिस्किटांच्या दुकानात सोडतात. ते हायलँडवाल्यांचं बंड कल्लोडनच्या लढाईत मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने हायलँडच्या पोशाखावर बंदी आली, पण इंग्रजी सैन्यातल्या हायलँड पलटणींना ती लागू नव्हती. किल्ट घालायचा तर राजाची बंदूक खांद्यावर घ्या! त्या पलटणी गेल्या कुठे? ७४ वी आणि ७८ वी हायलँडर्स २३ सप्टेंबर १८०३ ला असईला होत्या, आजच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात, शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेसमोर. ७४ वी तिथे तोफांच्या माऱ्यात जवळजवळ संपली. त्या लढाईचा हत्ती पुढे पलटणीच्या चिन्हावर चढला. ७८ वी नंतर १८५७ ला लखनौच्या वाटेवर लढली. तिच्या मृतांचा दगडी क्रूस एडिनबऱ्याच्या किल्ल्यासमोरच्या पटांगणात आहे, जिथून तुमची बस सुटते तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. स्टर्लिंगच्या किल्ल्यातच एका पलटणीचं संग्रहालय आहे. तिची पूर्वज ९३ वी सदरलँड हायलँडर्स नोव्हेंबर १८५७ मध्ये लखनौच्या सिकंदरबागेच्या कत्तलीत पुढे होती. तिथल्या पेट्यांमधली पदकं वाचताना आपल्या गावांची नावं इंग्रजी अक्षरांत दिसतात. गाइडला विचारा. चांगला असेल तर उत्तर देईल, आणि नसेल तर बसमधल्या बाकीच्यांना तुम्ही सांगा.

शेवटी लॉख नेस. तुमचं म्हणणं, ते टाळणं म्हणजे आग्र्याला जाऊन ताजमहाल न बघणं. एडिनबऱ्याहून ही सहल बारा तासांची असते आणि त्यातले सात-आठ तास बसमध्ये जातात. इंग्लंड आणि वेल्समधल्या सगळ्या तळ्यांचं मिळून होणार नाही एवढं पाणी त्या एका तळ्यात आहे, पण पीटमुळे ते काळपट, आणि काठावर उभं राहून दिसतो तो फक्त त्याचा पृष्ठभाग. अर्कहार्टचा किल्ला १६९२ मध्ये निघून जाणाऱ्या शिबंदीने उडवून दिलेला, त्याच्यासाठी मिळतो तासभर. स्पेसाइडचंही तसंच. खरा ‘व्हिस्कीचा मुलुख’ म्हणून जाहिराती जिथे बोट दाखवतात तो तिकडे उत्तरेला, आणि एका दिवसात एडिनबऱ्याहून जाऊन यायचं तर हाती लागते एक डिस्टिलरी आणि मानेचं दुखणं.

तरी जायचंच असेल तर आगगाडीने साडेतीन तासांत इनव्हर्नेस गाठा, दोन रात्री राहा, एक दिवस नेसला द्या आणि एक स्पेसाइडला. मे ते सप्टेंबर या काळातच या. डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो आणि मग किल्ला काय नि तळं काय.